सालीखालचं साल: जपानी सुगीच्या खोडातून वर्षं कशी वाचायची

‘सुगी’ म्हटलं की आपल्याला खळं, मळणी आणि ज्वारीच्या कणसांचा ढीग आठवतो. जपानमध्ये सुगी म्हणजे एक सरळसोट, सदाहरित, सूचिपर्णी झाड. इंग्रजीत त्याला जपानी सीडर म्हणतात, त्यामुळे पुष्कळ जण त्याला देवदाराचा भाऊ समजतात. प्रत्यक्षात देवदार पाइनच्या कुळातला आणि सुगी सायप्रसच्या. शास्त्रीय नाव क्रिप्टोमेरिया जॅपोनिका, आणि या क्रिप्टोमेरिया घराण्यात आज ही एकच जाती शिल्लक आहे.

जपानमध्ये या झाडावर जे संशोधन होतं त्यातलं बरंचसं त्याच्या परागकणांवर आहे, कारण २०१९च्या देशव्यापी पाहणीत तिथल्या ३८.८ टक्के लोकांना सुगीच्या परागांची ॲलर्जी आढळली. तो विषय मोठा आहे, त्याला इथे हात घालत नाही. इथे बोलायचं आहे ते खोडाबद्दल: त्यात वर्षागणिक पडणारी वलयं मोजून, जुळवून, आणि गरज पडली तर त्यातला कार्बन मोजून साल कसं काढतात त्याबद्दल. ज्या क्रमाने मी हे शिकलो (आणि चुकलो) त्याच क्रमाने सांगतो.

आधी प्रश्न ठरवा

‘हे झाड किती वर्षांचं?’ आणि ‘हे लाकूड कोणत्या साली तोडलं?’ हे दोन प्रश्न सारखे वाटतात, पण त्यांना लाकडाची दोन वेगळी टोकं लागतात. वयासाठी खोडाचा मधला बिंदू हवा. तोडणीच्या सालासाठी सालीला चिकटलेलं शेवटचं वलय हवं. ‘अमुक काळात हवामान कसं होतं’ असा प्रश्न असेल तर ही दोन्ही टोकं नसली तरी भागतं, पण मग एका झाडावर काम होत नाही. एकाच रानातली वीसेक झाडं तरी लागतात.

मधला बिंदूच नसेल तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण याकुशिमा बेटावर उभं आहे. जपानच्या क्यूशू या मोठ्या बेटाच्या दक्षिणेला, कागोशिमा प्रांतातलं हे बेट १९९३ साली जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथल्या ‘जोमोन सुगी’ नावाच्या झाडाची उंची सुमारे २५ मीटर, बुंध्याचा घेर १६.४ मीटर. वय? कुठे २,१७० वर्षं लिहिलेलं सापडतं, कुठे ७,२००. पहिला आकडा खोडाच्या आतल्या लाकडाच्या कार्बन मापनातून आला, पण खोड आतून पोकळ आहे, म्हणजे सगळ्यात जुनं लाकूड कुजून गेलेलं. तेव्हा हे झालं ‘किमान’ वय. दुसरा आकडा घेरावरून काढलेला.

घेरावरून वय काढणं किती फसवं असतं ते स्वतः करून बघा. १६.४ला ३.१४ने भागलं की व्यास सव्वापाच मीटरच्या आसपास येतो, त्रिज्या २.६ मीटर. वलयाची सरासरी जाडी १ मिलिमीटर धरली तर वय २,६०० वर्षं. अर्धा मिलिमीटर धरली तर ५,२००. म्हणजे उत्तर झाडाने दिलं नाही, तुम्ही धरलेल्या जाडीने दिलं. शिवाय जवळच्या किकाई ज्वालामुखीचा सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला आणि त्याचा तप्त राखेचा लोट याकुशिमापर्यंत पोहोचला होता. त्यानंतर शंभरेक वर्षांत रुजलेलं झाड आजवर टिकलं असेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

लाकूड कुठून आणायचं

याकुशिमावर हजार वर्षांपुढच्या झाडालाच ‘याकुसुगी’ म्हणतात. त्याहून लहान ती ‘कोसुगी’, म्हणजे छोटी सुगी. आपल्याकडे नऊशे वर्षांच्या झाडाला छोटं म्हणायची कुणाची छाती होईल! ग्रॅनाइटची जमीन, माती पातळ, पाऊस अफाट. झाड अतिशय सावकाश वाढतं, वलयं दाट बसतात आणि लाकडात राळ भरपूर साठते. त्या राळेमुळे पडलेला ओंडका शतकानुशतकं कुजत नाही. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) छपराच्या फळ्यांसाठी इथे मोठी तोड झाली. तेव्हाचे खुंट आणि टाकून दिलेले ओंडके अजून रानात आहेत. त्यांना ‘दोमाइबोकु’ म्हणतात, मातीत गाडलेलं लाकूड. संशोधकांना जुनं लाकूड मिळतं ते अशा ओंडक्यांतून आणि पूर्वी कापून ठेवलेल्या चकत्यांतून. तिथल्या जिवंत याकुसुगीला कुणी हौसेने भोक पाडू शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

भारतात सुगी बघायची असेल तर दार्जिलिंगकडे जा. ब्रिटिशांनी १९व्या शतकात ती तिथे लावली. स्थानिक लोक तिला ‘धुपी’ म्हणतात. टायगर हिलच्या वाटेवर धुक्यात उभी असलेली ती उंच काळपट झाडं बहुतेक मराठी पर्यटकांच्या फोटोंत असतातच, नाव तेवढं माहीत नसतं. तिथल्या कापगिरणीतून धुपीची चकती मिळू शकते. महाराष्ट्रात राहून हात बसवायचा असेल तर साग घ्या. आंबा, वड, पिंपळ यांच्या खोडात वर्षाला एक असं भरवशाचं वलय मिळत नाही. साग मात्र उन्हाळ्यात पानं गाळतो आणि नव्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ टाकतो, तीच त्या वर्षाची सीमा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरून पाचशे वर्षांमागच्या मान्सूनपर्यंतचा मागोवा घेतला आहे. पाडलेल्या वाड्यातल्या सागवानी तुळईचं कापलेलं टोक मिळालं तर उत्तमच.

जिवंत झाड असेल तर: पोकळ गिरमिट

वनखात्याची किंवा मालकाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय पुढचं वाचूही नका.

सुताराचं गिरमिट भुसा काढतं. हे गिरमिट आतून पोकळ असतं आणि सुमारे ५ मिलिमीटर जाडीची, पेन्सिलीहून बारीक अशी अखंड काडी बाहेर काढतं. छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३ मीटरवर, खोडाच्या मध्याकडे रोखून आडवं फिरवायचं. उतारावरच्या झाडाला उताराच्या बाजूने भोक पाडू नका. सूचिपर्णी झाडं खालच्या अंगाला, स्वतःला तोलून धरण्यासाठी, जाड आणि गडद लाकूड घालतात. तिथली वलयं हवामानाबद्दल काही सांगत नाहीत, फक्त झाड झुकलंय एवढंच सांगतात. उताराला आडवं राहून समोरासमोरच्या दोन बाजूंनी एकेक काडी काढा.

हवी तेवढी खोली गाठली की पातळ पट्टी आत सरकवायची, गिरमिट अर्धा फेरा उलट फिरवायचं, काडी आत तुटते, पट्टीवरून ओढून घ्यायची. आणि गिरमिट लगेच बाहेर काढायचं. ‘काडी बघून घेऊ, मग काढू’ असं म्हणत बसलात तर लाकूड त्याला घट्ट धरून ठेवतं. मी एकदा चहा होईपर्यंत ते तसंच ठेवलं होतं. नंतर दोघांनी मिळून लोंबकळावं लागलं.

काडी कागदी स्ट्रॉमध्ये ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. स्ट्रॉवर झाडाचा क्रमांक, बाजू, तारीख आणि सालीकडचं टोक कोणतं ते तिथल्या तिथे लिहा. घरी आल्यावर आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

घासणं

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच होतो. काडी आठवडाभर सावलीत वाळवा, मग खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत साध्या फेव्हिकॉलने चिकटवा. चिकटवताना तंतू उभे राहिले पाहिजेत. तुटलेल्या टोकाकडे बघितलं की तंतू कोणत्या दिशेने निघालेत ते कळतं. काडी चुकून पाव फेरा फिरली तर कितीही घासा, वलयं दिसणारच नाहीत.

मग पॉलिश पेपर: ८० किंवा १२० नंबरपासून सुरुवात, नंतर २२०, ४००, शेवटी ६००. प्रत्येक नंबरच्या आधी मागच्याचे सगळे ओरखडे गेले पाहिजेत. २२०पर्यंत सुगीचं लाकूड नुसतं लालसर-पट्टेदार दिसतं. ४००च्या मध्यावर कधीतरी, जोरात फुंकर मारून भुसा उडवला की एकदम चित्र लागतं: वसंतातलं फिकट, सैल लाकूड हळूहळू गडद होत जातं आणि एका बारीक तपकिरी रेघेवर तोडल्यासारखं थांबतं. ती रेघ म्हणजे त्या वर्षाची अखेर. भिंगाखाली एकेक पेशी चौकोनी खणासारखी दिसायला लागली की घासणं पुरे. तोंडाला मास्क हवा. हा भुसा फार बारीक असतो.

सुगीत बाहेरचं पांढरं लाकूड आणि आतला लालसर गाभा यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. जपानी सुतार पांढऱ्याला ‘शिराता’ म्हणतात, लालला ‘आकामी’. कधीकधी गाभा काळपट पडलेला असतो, तिथे रेघा हरवतात. अशा ठिकाणी दिवा तिरपा धरून बघा.

मोजणं, आणि मोजण्यावर विश्वास न ठेवणं

सालीकडून आत मोजत जा. पेन्सिलीने दर दहाव्या वर्षाला एक ठिपका, पन्नासाव्याला दोन, शंभराव्याला तीन, ही जगभरची रीत. जाडी मोजायला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली सरकणारं टेबल असतं. घरी साधा स्कॅनर चालतो. २,४०० डीपीआयला एक ठिपका साधारण ०.०१ मिलिमीटरचा पडतो आणि इमेजजे नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेघ ओढून जाडी घेता येते.

आता खरी अडचण. माझ्याकडच्या धुपीच्या चकतीवर एका रेषेत मी ६१ वलयं मोजली. मित्राने दुसऱ्या बाजूने मोजली तर ५८. आम्ही एकमेकांची चूक शोधत बसलो आणि दोघंही बरोबर निघालो. प्रत्येक वलय बोटाने धरून चकतीभर फिरवत नेलं तेव्हा दिसलं, की एका बाजूला चार वलयं सुटी होती, ती पुढे निमुळती होत गेली आणि पलीकडच्या अंगाला एकाच गडद रेघेत विरून गेली. सावलीत दबलेलं झाड वाईट वर्षी सगळीकडे सारखं लाकूड घालत नाही. तिथे गिरमिटाची एकच काडी घेतली असती तर तीन वर्षं चुपचाप गायब झाली असती.

उलटही होतं. हंगामाच्या मध्ये खंड पडला की झाड वर्षाच्या अधेमधे एक गडद पट्टा टाकतं. खरं वलय सालीकडच्या अंगाला धारदार तुटतं. खोटा पट्टा दोन्हीकडे विरघळत जातो. सागात हे फार बघायला मिळतं, कारण आपला पाऊसच मुळात ओढ देणारा.

जुळवणं

मोजण्याने फक्त आकडा मिळतो, साल मिळतं ते जुळवण्याने. हे शास्त्र उभं केलं अमेरिकेतल्या अँड्र्यू डग्लस यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचा हवामानाशी असलेला संबंध त्यांना झाडांत शोधायचा होता.

त्यांची रीत कागद-पेन्सिलीची आहे आणि आजही आधी तीच करावी. आलेखाच्या कागदाच्या लांब पट्टीवर दर वर्षाला एक घर. शेजारच्यांपेक्षा वलय जितकं अरुंद, तितकी उंच उभी रेघ. साधारण वलयाला काहीच नाही. दुसऱ्या झाडाची दुसरी पट्टी. मग एक पट्टी दुसरीखाली सरकवत जायचं.

समजा पहिल्या पट्टीवर उंच रेघा १२, १९, ३१ आणि ३४ या घरांत आहेत, दुसरीवर ५, १२, २४ आणि २७. मधली अंतरं दोन्हीकडे ७, १२, ३. म्हणजे दुसरीचं ५वं घर हे पहिलीचं १२वं. पहिलीची सालं माहीत असतील तर दुसरीचीही कळली. पण दुसरीवर ५, १२, २३, २६ आलं तर? पहिलं अंतर जुळतं, मधलं एकाने कमी, शेवटचं पुन्हा जुळतं. याचा अर्थ १२ ते २३च्या दरम्यान एक वलय हरवलंय. भिंग घेऊन तिथेच शोधायचं. हा क्षण मला अजून आवडतो. कागदावरची पट्टी सांगते कुठे बघ, आणि लाकडात बघितलं की ते केसासारखं वलय तिथे असतं.

संगणकाने ताडून बघायला कोफेचा हा जुना प्रोग्रॅम आहे, आणि आर भाषेतलं डीपीएलआर हे पॅकेज फुकट मिळतं. त्यांतून दोन पट्ट्या किती जुळतात ते आकड्यात कळतं. टी-मूल्य नावाचा असाच एक आकडा असतो, तो ३.५च्या वर गेला की जुळणी विचारात घेतात. विचारात घेतात, पक्की धरत नाहीत. पत्रिकेत १८ गुण जुळले म्हणून कुणी लगेच मांडव घालत नाही; मुलगा बघतातच. तसं आकडा आल्यावर लाकूड पुन्हा बघायचं. आणि निदान शंभरेक वलयांचा मेळ असल्याशिवाय मी तरी साल सांगत नाही.

साल असेल तरच साल

मराठीत झाडाचीही साल असते आणि दिनदर्शिकेतही साल असतं. या कामात दोन्ही खरोखरच जोडलेली आहेत.

जपानच्या होर्युजी मंदिरातल्या पाचमजली मनोऱ्याचा मधला खांब सुगीचा नसून हिनोकीचा, म्हणजे सुगीच्याच कुळातल्या झाडाचा आहे. नारा इथल्या राष्ट्रीय संस्थेचे मित्सुतानी ताकुमी यांनी त्याची वलयं जुळवली. बाहेरचं पांढरं लाकूड शाबूत असल्याने शेवटचं वलय सापडलं: सन ५९४. हे २००१ साली जाहीर झालं आणि इतिहासकार बुचकळ्यात पडले, कारण निहोन शोकी या जुन्या बखरीप्रमाणे ते मंदिर ६७० साली जळालं आणि आजची वास्तू त्यानंतरची मानली जाते. मग पाऊणशे वर्षं आधी तोडलेलं लाकूड तिथे कसं? साठवलेलं होतं, की दुसऱ्या इमारतीतून आणलं? वलयं त्यावर गप्प आहेत. झाड केव्हा तोडलं एवढंच ती सांगतात, इमारत केव्हा बांधली हे नाही. वाड्याच्या तुळईवरून वाड्याचं वय सांगणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणि खांब तासून गोल केलेला असता, पांढरं लाकूड निघून गेलेलं असतं, तर ‘अमुक सालानंतर कधीतरी’ यापलीकडे काही म्हणता आलं नसतं.

शेवटची पायरी: कार्बन

हे घरी होत नाही, पण नमुना कसा द्यायचा ते तुमच्या हातात असतं. ज्या वलयाचा कार्बन मोजायचा त्याच्यावर पेन्सिलीचा ठिपका नको. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बनच. फेव्हिकॉलही नको. म्हणून चकतीचा अर्धा भाग मोजण्यासाठी, अर्धा कोरा ठेवायचा.

कोऱ्या भागातून धारदार पात्याने एकेका वर्षाचं वलय सोलून काढतात, आम्ल-अल्कलीने धुतात, ब्लीच करून नुसतं सेल्युलोज उरवतात, ते जाळून ग्रॅफाइट बनवतात आणि प्रवेगक यंत्रात कार्बन-१४चे अणू मोजतात. भारतात ही सोय दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय प्रवेगक केंद्रात आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत आहे. कार्बन-१४ अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात सतत तयार होतो, आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. झाड त्या-त्या वर्षीचा कार्बन त्या-त्या वलयात बंद करतं.

कमी वयाच्या झाडाला याचा एक सोपा उपयोग आहे. अणुचाचण्यांमुळे १९६३-६४च्या सुमारास हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला होता. तुमच्या मोजणीने १९६४ ठरलेल्या वलयाच्या आसपास तो उंचवटा दिसला नाही, तर मोजणी चुकली.

सुगीचं मोठं नाव झालं ते याच मार्गाने. नागोया विद्यापीठातल्या मियाके फुसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याकुसुगीच्या आठव्या शतकातल्या वलयांचा कार्बन एक-दोन वर्षांच्या बारकाईने मोजला. त्याआधी बहुतेक मोजमापं दहा-दहा वर्षांचं लाकूड एकत्र करून होत, त्यात एका वर्षाची उडी विरघळून जाई. इथे ७७४ ते ७७५ या एका वर्षात कार्बन-१४ हजारी १२ने उडाला होता. सूर्याच्या नेहमीच्या चढउतारातून होणाऱ्या बदलाच्या हे सुमारे २० पट. जून २०१२मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून आलं, आणि मग जर्मनीतल्या ओकपासून न्यूझीलंडच्या कौरीपर्यंत तीच उडी सापडत गेली. सूर्यावरचा प्रचंड स्फोट हे आज बहुतेकांना पटलेलं कारण आहे. डग्लसना झाडात सूर्य शोधायचा होता. शंभर वर्षांनी तो सुगीत सापडला, जरा वेगळ्या रूपात. त्याच गटाने पुढे ९९३-९९४ची दुसरी उडीही शोधली.

अशी उडी म्हणजे तारखेचा खिळा. लाकडाची जुळणी सालं माहीत असलेल्या कुठल्याही वलयक्रमाशी झाली नाही तरी हे एक वलय ओळखता आलं की पुढचं नुसतं मोजत जायचं. कॅनडातल्या लान्स ओ मेडोज इथे व्हायकिंगांनी धातूच्या हत्याराने तोडलेले लाकडाचे तुकडे मिळाले होते. त्यांत ९९३चं वलय सापडलं. तिथून सालीपर्यंत २८ वलयं. ९९३ अधिक २८, म्हणजे १०२१. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं, बरोबर हजार वर्षांनी. त्या तुकड्यांवर सालीची कड शिल्लक होती म्हणून हे जमलं.

तेव्हा कापगिरणीत चकती मागायला जाल तेव्हा पहिलं वाक्य हे असू द्या: ‘दादा, साल काढू नका.’